तिवरांना लावलेली माती

दांडखारच्या आवडाबाईनं हात लावला की सुकलेलं लाकूडसुद्धा पालवतं, असं गावात म्हणायचे. गावाचं काय जातं म्हणायला! पण आवडाबाईच्या बाबतीत गाव फारसं फेकत नव्हतं. कुणाच्या परसात तांबड्या भोपळ्याला फुलांचा बाजार भरलाय आणि फळ एकही धरत नाही, अशी रड असली की ही सकाळीच तिथं हजर. पदर कमरेला खोचायचा, एक फूल उलटं करून दाखवायचं. "ही बघ, हिच्या मागं बारकी गोळी हाय का न्हाय? ही बाई. आन ह्यो नुसत्या दांड्यावर उभा हाय, ह्यो बाप्या. माशी फिरकली न्हाय तर ह्यांची गाठ कोन घालनार, तुझी सासू?" मग बाप्याचं फूल खुडून, त्याच्या पाकळ्या सोलून, आतला पिवळा बुकणा त्या बाईच्या फुलात टेकवायची आणि आपल्या वाटेनं चालू लागायची. थोड्याच दिवसांत वेलाखाली भोपळा दिसायचा.

आणि नुसती जगवायचीच असं नाही हं. कुठलं झाड मरणार हेही ती आधी सांगायची, आणि त्याचं लोकांना जरा भ्याव वाटायचं. बाळाजीच्या अंगणातल्या फणसाला म्हैस बांधलेली असे. साखळी घासून घासून खोडाभोवती सालीचं पुरं कडंच निघालं. वर पानं हिरवीगार, फणस लागलेले. आवडाबाईनं खोडावर हात फिरवला आणि म्हणाली, "बाळाजी, ह्यो गेला." बाळाजी चिडला. "हिरवागार हाय की!" तेव्हा तिनं त्याला समजावलं होतं. झाडाचं रांधणं वर पानात होतं, आणि रांधलेलं सालीच्या खालून मुळाला उतरतं. वाट तुटली की मूळ उपाशी मरतं, आणि मूळ मेलं की झाड किती दिवस उभं राहणार? पुढच्या पावसाळ्यात फणस आडवा झाला. तेव्हापासून बाळाजी तिचं ऐकायचा. निदान तिला तरी तसं वाटायचं.

हे सगळं शहाणपण आवडाबाईनं माहेराहून आणलेलं. माहेर तळे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तांबडी माती, गोडं पाणी, उतारावरची वरकस जमीन आणि परसातली भाजी. तिथं मूल चालायला लागलं की खुरपं हातात येतं. पावसानं रोपाची मुळं उघडी पडली की लगेच माती लावायची, हे आवडाबाई अक्षर न शिकताच शिकली होती. उघडं मूळ म्हणजे उघडं पडलेलं पोर, असं तिची आई म्हणायची.

रावजीशी लग्न होऊन ती दांडखारला आली आणि पहिल्याच आठवड्यात खाडीच्या चिखलात तिचा पाय फुटला. गाव खाडीच्या काठाला. खाडी आणि भातखाचरं यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध. त्याला सगळे बाहेरकाठा म्हणत. बांधाच्या अलीकडं भात आणि पलीकडं दिवसातून दोनदा चढणारं खारं पाणी. त्या पाण्यात, बांधाला खेटून, तिवराच्या झाडांची रांग. आणि तिवरांच्या खाली चिखलातून वर आलेली बोटबोट उंचीची खुंटं, दाट, टोकदार, फळीत उलटे खिळे ठोकून ठेवावेत तशी. नवी नवरी कालवं काढायला म्हणून उतरली आणि खुंट तळव्यात घुसलं. रावजी तिचा पाय मांडीवर घेऊन हसत होता. "तिवराची पोरं हायत ती. वळख करून घेतात नव्या मानसाची."

"ही मुळं हायत," ती म्हणाली. "उघडी पडलीत. माती कुनी लावत न्हाय व्हय ह्यांना?"

"तिवराला कशाला पायजे माती? चिखलात तर उभा हाय."

तेवढ्यावर ते बोलणं संपलं. पण तिवर तिला आवडून गेलं. त्याचं पान जिभेला लावलं की खारट लागायचं. झाड खारं पाणी पितं आणि उन्हात उभ्या माणसाला घाम यावा तसं मीठ पानातून बाहेर टाकतं, हे तिनं चाखूनच शोधून काढलं. पावसाळ्यात त्याचं बी झाडावरच मोड धरतं आणि खाली पडलं की चिखलात उभं राहतं, हेही तिनं पाहिलं. नवलाची बाईच ती! सगळा गाव ज्याला सरपण म्हणायचा, त्याच्याशी ही जाता येता बोलायची.

आता बाहेरकाठ्याची रीत सांगायला हवी, कारण सगळं त्यावरच अडलं. बांध गावाचा, पण राखायची जबाबदारी घरागणिक वाटलेली. ज्याचं खाचर बांधाला लागून, तेवढा बांध त्याचा. खेकड्यांनी पाडलेली बिळं बुजवायची, ढासळलेली माती भरायची, उधाणाला राखणीला बसायचं. आणि ज्याच्या वाटणीच्या बांधाला खांड पडेल, म्हणजे जिथून बांध फुटून खाडी आत घुसेल, त्याचं खाचर जाईल. ते दुसऱ्या घराला दिलं जाईल. कडक रीत होती, पण लोकांचा इलाज नव्हता. एकदा खारं पाणी शिरलं की जमीन मेली. पुढचे किती पावसाळे तिच्यावरून धुऊन जातील तेव्हा कुठं मीठ उतरणार. रावजीचं खाचर असंच त्याच्या बापानं आणि त्यानं पावसाच्या पाण्यानं धू धू धुऊन गोडं केलेलं. तिथलं पहिलं भात आवडाबाईनं लावलेलं होतं.

मिठाच्या सत्याग्रहाच्या साली रावजी काविळीनं गेला. मुलगा सदू करमअलीच्या मचव्यावर खलाशी. करमअली म्हणजे खाडीपलीकडचा म्हातारा तांडेल, मुंबईला लाकूड-नारळ नेणारा. माणूस देवासारखा, पण मचव्यावर गेलेला पोरगा काय बांध राखणार? बाराव्यानंतर बाळाजी ओटीवर येऊन बसला. त्याचा बांध रावजीच्या बांधाला लागूनच, आणि बांधाच्या कामाचा म्होरक्याही तोच.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. बाईमानसाच्यानं बांध व्हायचा न्हाय. खाचर मी करतो, तुमच्या पोटापुरतं भात तुमच्या घरी पोचंल."

"माझ्या वाटणीला खांड पडली का?"

"न्हाय, पन..."

"मंग पडू दे. पडली की ये मागायला."

बोलून गेली खरी. पण बाळाजी गेल्यावर ती चुलीपुढं बसून घळाघळा रडली. खाचर गेलं असतं तर रावजीचं जे काही या जगात उरलं होतं ते गेलं असतं. ते तिला राखायचं होतं, आणि त्यासाठी आपला बांध गावात सगळ्यांहून मजबूत असला पाहिजे हे तिनं मनाशी पक्कं केलं.

भातं झोडून झाली, थंडी पडली, आणि आवडाबाई ओहोटीच्या वेळेला घमेलं आणि फावडं घेऊन बांधाबाहेर उतरू लागली. बांध तर तिनं भरलाच. पण तिची नजर गेली तिवरांच्या बुडाशी. ती खुंटं. लाटांनी चिखल धुऊन नेलाय, मुळं उघडी पडलीत, झाडं हललीत म्हणूनच बांध ढासळतो. असा तिनं हिशोब लावला. आणि माहेरी वांग्याला लावतात तशी तिवरांना माती लावायला घेतली. खुंटं पुरती बुजेपर्यंत. पायानं दाबून, वर पुन्हा थर घालून, त्यावर पेंढा अंथरून. सबंध हिवाळा बाई मरमर राबली. पाठीचा काटा ढिला झाला, हातांना घट्टे पडले, पण काम असं देखणं केलं की बघतच राहावं. जिथं खिळ्यांसारखी खुंटं होती तिथं आता गुळगुळीत, रुंद ओटा, आणि त्यातून वर आलेली हिरवीगार तिवरं. बांधाला जणू दुसरा बांध मिळाला.

तो पावसाळा तिचा बांध तसूभर हलला नाही. बाळाजीचा दोन जागी ढासळला, तिचा नाही. गावात तिच्या नावाचा डंका झाला. बाळाजी मनाचा मोठा, हे मान्य केलं पाहिजे, तो स्वतः येऊन म्हणाला, "वहिनी, हरलो. आमाला पन दावा." आणि तिनं दाखवलं. पुढच्या हिवाळ्यात सगळा दांडखार बांधाबाहेर उतरला. गाणी म्हणत, एकमेकांची थट्टा करत लोकांनी तिवरांना माती लावली. आवडाबाई या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती. "अरे, हितं खुंटं दिसतायत अजून! बुजव की मेल्या, हात झिजतो का तुझा?" सुखाचे दिवस होते तिचे ते. त्याच शिमग्यानंतर सदूचं लग्न झालं, आणि केसर घरात आली.

वैशाखात करमअलीचा मचवा बांधाजवळून चालला होता. सुकाणूवर म्हातारा. आवडाबाईला पाहून त्यानं हाक दिली आणि मग बराच वेळ तिच्या तिवरांकडं बघत राहिला.

"आवडाबाय, तुझ्या झाडांवर बगळे बसेनासे झाले गं."

"उन्हानं गेले असतील, चाचा."

"ऊन काय आजच पडलं?" म्हातारा म्हणाला. "चाळीस साल ह्या खाडीत फिरतो. बगळा उगाच घर सोडत नाही. अल्ला खैर करो."

तिनं हसण्यावारी नेलं. पण मचवा वळणाआड गेल्यावर वर मान करून पाहिलं. शेंड्याची पानं पिवळी. पानगळ असेल, ती मनाशी म्हणाली. मग एक पान तोडून जिभेला लावलं. खारट लागलं नाही. पुन्हा लावलं. नुसतं कडवट, चोथा चावल्यासारखं. वैशाखाच्या उन्हात, पावसाचा टिपूस नसताना, पानावर मीठ नाही! कुठंतरी काही चुकत होतं. पण काय, हे तिचं तिला सांगता येईना. तिनं आणखी माती लावली.

तिथंच घोडं पेंड खात होतं, आणि ती आणखी पेंड घालत होती. काय म्हणावं! झाड आजारी दिसलं की मुळाशी माती, हाच तिचा उपाय होता, आणि आजवर तो कधी चुकला नव्हता.

पाऊस लागला. तिच्या वाटणीतली तिवरं आषाढात उघडी पडू लागली, श्रावणात काड्या राहिल्या. बाकीच्यांची हिरवी होती, कारण त्यांना माती एक हिवाळा उशिरा लागली होती. गाव म्हणे कीड असेल. बाळाजी म्हणे रावजीच्या मागं झाडांनी पण जीव टाकला. झाडं वाळली तरी बांध रुंद होता, त्यामुळं कुणाला फारशी चिंता नव्हती. ती एकटीच झोपेतून दचकून उठायची आणि कान देऊन ऐकायची. केसर विचारायची, "काय झालं, आत्याबाई?" ती म्हणायची, "काय न्हाय, भरती लागली."

भाद्रपदात गौरी आल्या. केसरची पहिली गौर, त्यात पोटात मूल. आमच्याकडं गौर तेरड्याची. सवाष्णींनी जायचं, फुललेला तेरडा मुळासकट उपटायचा, विहिरीवर मुळं धुवायची आणि सुपातून घरी आणायचा. ती मुळं म्हणजे गौरीची पावलं. त्यामुळं मूळ तुटता कामा नये, आणि लाल-पांढरं, लांबसडक निघालं की बायका म्हणतात, भरल्या पावलांनी आली. आवडाबाईनं मोठ्या कौतुकानं केसरला सांगितलं होतं, "आपल्या बांधाच्या आतल्या उतारावरचा आन. मी घातलेल्या मातीतला हाय, कमरेएवढा वाढलाय." वाढला होता खरा. पण त्या उताराच्या पायथ्याला तिनं टाकलेल्या मातीनं पाणी तुंबलं होतं, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

विहिरीवर बायका गात होत्या. आवडाबाई विधवा, म्हणून लांब एका झाडाखाली उभी. केसरनं तेरडा पाण्यात धरला आणि गाणं एकदम थांबलं. मुळं काळी पडली होती. धरली की सालपटं हातात येत होती. सडक्या अंड्यासारखा वास सुटला. कुणीतरी तोंडावर पदर घेतला. बाळाजीची सून गोदू हळूच म्हणाली, "काळ्या पावलांची गौर!" केसर तिथंच मटकन खाली बसली आणि हुंदके देऊ लागली.

सगळ्या बायका केसरकडं धावल्या. आवडाबाई मात्र पुढं येऊन त्या मुळांकडं बघत राहिली. वास तिच्या ओळखीचा होता. पाणी तुंबलेल्या वाफ्यातलं वांगं उपटलं की हाच वास येतो. मूळ गुदमरलं की येतो. मुळालाही वारा लागतो, हे तिला माहीत होतं. म्हणूनच तर खुरपायचं, माती मोकळी ठेवायची. आणि तिवर ज्या चिखलात उभं, तो तर बाराही महिने पाण्यानं तुंबलेला, दगडासारखा दाबलेला. मग तिवर कसं जगत होतं आजवर? वारा कुठून घेत होतं?

तिला खुंटं आठवली. चिखलातून वर आलेली, भरती उतरली की उघड्यावर येणारी, नाकं वर काढून उभी असलेली.

"अगं आई गं!" ती मोठ्यानं म्हणाली, आणि गौरीला, सुनेला, बायकांना तसंच सोडून बांधाकडं पळत सुटली.

ओहोटी होती. तिनं नखांनी माती उकरली. वितीवर खुंटं लागली. मऊ, काळी, चिमटीत धरलं की साल सुटून आत दोऱ्यासारखी शीर तेवढी राहत होती. खाली मुळाला हात घातला, तर मूठभर मूळ लोण्यासारखं निघून आलं. त्याच मुळांनी बांधाचा पाया धरला होता. इतकी वर्षं लाटेच्या तोंडी उभं राहून ज्यांनी रावजीचं खाचर राखलं, त्यांची नाकं तिनं स्वतःच्या हातानं, दाबून दाबून, बंद केली होती. आणि सगळ्या गावाला शिकवलं होतं. ती चिखलात बसून ऊर बडवून रडली.

पुनवेचं उधाण आठवड्यावर आलं होतं. ती थेट बाळाजीच्या अंगणात गेली. गौरीसाठी माणसं जमली होती.

"बाळाजी, माती काढा. सगळ्यांनी काढा. तिवरं त्या खुंटांतून वारा घेतात. माझी मेली, तुमची अजून हिरवी हायत, वाचतील. आजच लागा."

कुणीतरी हसलं.

"वहिनी," बाळाजी अगदी मायेनं म्हणाला, "सुनेच्या गौरीचं तुमी मनाला लावून घेतलंत. अवो, झाडाला कुठं नाक असतंय?"

"मी मारली ती झाडं! माझ्या हातानं!"

"तुमच्या हातानं झाड मरंल व्हय? ह्या गावात कोन मानंल?" आणि तो बाकीच्यांकडं बघून म्हणाला, "उधाण तोंडावर आलंय, आन पायथ्याची माती काढायची म्हनतात. रावजी असता तर त्यानं आवरलं असतं."

तिनं फणसाची आठवण दिली. पाया पडली. शेवटी शिव्या घातल्या. त्यानं लोकांची खात्रीच पटली की बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिचा हात गुणाचा, हे गावानंच ठरवलं होतं, आणि आता तिच्या तोंडून दुसरं काही ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

मग ती एकटी लागली. प्रत्येक ओहोटीला. केसर पोट घेऊन मदतीला आली, तिला हाकललं तरी जाईना. निघालेली माती वाया जाऊ नये म्हणून दोघी ती बांधाच्या माथ्यावर टाकत होत्या. काड्या झालेल्या रांगेच्या टोकाला दोन तिवरांना अजून हिरवी पानं होती. त्यांची खुंटं तिनं बोटांनी एकेक मोकळी केली. बाळाजी वरून बघायचा आणि मान हलवायचा.

पुनवेला भरती ऐन दुपारी. वारा सकाळपासूनच खाडीच्या तोंडातून आत शिरत होता. सगळा गाव आपापल्या बांधावर उभा, पेंढ्याच्या मुड्या आणि मेखा घेऊन. पाणी चढत गेलं, तिवरांच्या कमरेला लागलं, मग खांद्याला. हिरव्या रांगेत शिरलेली लाट बांधापर्यंत येता येता मऊ पडायची. आवडाबाईच्या काड्यांमधून ती सरळ आत यायची आणि बांधाला धडका द्यायची. आधी एक वाळलेलं तिवर नुसतं कलंडलं, त्याला काही धरायला नव्हतंच. त्याच्याबरोबर मातीचं ढेकूळ गेलं. मग दुसरं. मग तिच्या पायाखाली बांध हलल्यासारखा वाटला आणि बाळाजी ओरडला, "वहिनी, मागं व्हा!"

खांड पडली. पाणी रावजीच्या खाचरात उतरलं. भात निसवलेलं होतं, लोंब्या दुधात होत्या. त्यांच्यावरून पाणी गेलं. मुड्या टाकून, मेखा ठोकून, गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून गावानं ती खांड बुजवली, म्हणून बाकीची खाचरं वाचली. आवडाबाईही पाण्यात उभी होती. कुणी तिच्याकडं बघत नव्हतं.

पुढं जे झालं त्याचाच खरा राग येतो. बाळाजीनं सगळ्यांना जमवून विचारलं, कुणाचा बांध फुटला? जिनं पायथ्याची माती काढली तिचा. कुणाचे राहिले? ज्यांनी माती ठेवली त्यांचे. यात समजायला काय अवघड होतं? एका अंगानं बघितलं तर खोटंही नव्हतं. तिनं माती काढली नसती तर त्या दिवशी बांध टिकला असता की नाही, ते खाडीलाच ठाऊक. रीतीप्रमाणं खाचर आणि बांधाचा तो तुकडा बाळाजीकडं गेला, आणि आवडाबाईनं यापुढं बाहेरकाठ्याला हात लावायचा नाही असं ठरलं. खाचर गेल्याचं दुःख तिनं गिळलं. आता तिला दुसराच घोर लागला होता. त्या हिवाळ्यात गावानं सगळ्या तिवरांना दुप्पट माती लावली, आणि ती ओटीवरून बघत बसली.

केसरला मुलगा झाला. वर्ष फिरलं, गौरी आल्या. या खेपेला केसरनं तेरडा डोंगरावरून आणला. मुळं धुतली तर लाल-पांढरी, लांबसडक. गोदूनं कौतुकानं बाकीच्यांना दाखवली. "बघा, भरल्या पावलांनी आली. गेल्या साली काळी आली, वाईट व्हायचं ते होऊन गेलं." सगळ्यांना बरं वाटलं.

पावसानं उघडीप दिली होती, लख्ख ऊन पडत होतं. आवडाबाई बाहेरकाठ्यावरून चालत निघाली. हात लावायचा नव्हता, म्हणून वाकून, ओठांनीच पान धरून चाखत गेली. रावजीच्या तुकड्याच्या टोकाला तिनं मोकळी केलेली ती दोन तिवरं पुन्हा मातीत बुडाली होती. त्यापुढं बाळाजीचा तुकडा. मग दुसऱ्याचा. मग तिसऱ्याचा. शेंडे पिवळे, आणि मिठाची चव कुठंच नाही. बगळा एकही नाही.

बाळाजी बांधावर फावडं टेकवून उभा होता. त्याला हसू आलं. "काय चाखताय, वहिनी, बकरीवानी?"

"तू चाखून बघ, बाळाजी. तुला माझ्या रावजीची आन हाय, एक पान चाखून बघ."

त्यानं तिचं मन राखायला पान तोडलं, चावलं, विचार केला, पुन्हा चावलं. आणि त्याचा चेहरा खुलला.

"खारट कुठं हाय? गोडं लागतंय की!" तो वळून पलीकडच्या बांधावरच्या माणसांना ओरडून सांगू लागला. "अरे, ऐकलंत का? मीठ उतरलं! वहिनीच्या मातीनं बांधाबाहेरचं पन मीठ उतरलं!"

सगळा जन्म जमिनीतून मीठ उतरायची वाट बघण्यात घालवलेली माणसं ती. पलीकडून आनंदाच्या आरोळ्या आल्या. कुणीतरी पान तोडून चाखत होतं, दुसऱ्याला देत होतं.

आवडाबाई घरी आली. केसर गौरीपुढं बाळाला घेऊन बसली होती.

"उद्याच्याला गौर बोळवली की पोराला घेऊन तळ्याला जा. माझ्या भावाकडं. पुनव सरल्याबिगर येऊ नको."

केसरनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि का म्हणून विचारलं नाही. "आन तुमी, आत्याबाई?"

"मी हितंच. गावाला हाका मारायला कुनीतरी पायजे."

मग तिनं कणगीतला तांदूळ मडक्यांत भरायला घेतला आणि एकेक मडकं माळ्यावर चढवू लागली.